फिल्टरची जिवाणी

पाणी ओळखणारी माणसं आता उरली नाहीत. लोक बाटलीवरचं लेबल वाचतात आणि पितात. ग्यानबा सरकटेचं तसं नव्हतं. ग्लास तोंडापाशी नेला की घोट घ्यायच्या आधीच तो सांगायचा, "आज तुरटी जास्त झाली," नाहीतर "टाकीचं झाकन उघडं राह्यलं वाटते." आणि ते खरं निघायचं. रिसोड तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेच्या फिल्टर प्लांटवर त्यानं एकतीस वर्षं काढली होती. पहिली चौदा रोजंदारीवर, पुढची कायम म्हणून. वाळूचे हौद रोज उलट्या पाण्यानं धुवायचे, धुवणीचं गढूळ पाणी नाल्यात सोडायचं, तुरटी आणि क्लोरीन मापानं टाकायचं. मापानं म्हणजे मापानं. एकदा साहेब म्हणाले, "राहू दे आजच्या दिवस." तर या गड्यानं साहेबांच्या टेबलावर गढूळ पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "आंधी तुमी प्या, मंग सोडतो." त्या उत्तरापायी त्याचं कायम होणं दोन वर्षं लांबलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. आपण सोडलेलं पाणी सोळा गावं पितात आणि कोणी आजारी पडत नाही, एवढं त्याला पुरे होतं.

रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. केनवड रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत त्याचं तीन खोल्यांचं घर. बायको वच्छला, रिसोडला टायरच्या दुकानात कामाला जाणारा मुलगा रवी, आणि सून रत्नमाला. लग्नाला नऊ वर्षं होऊन रत्नमालाची कूस उजवली नव्हती. दोनदा राहिलं आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात गेलं. अकोल्याचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, लोकांचे टोमणे तर फुकटच मिळत होते. या दिवाळीला पुन्हा राहिलं, आणि या वेळी तिसरा महिना उलटला, चौथाही लागला. घरात जो तो तिच्या पायाखाली हात धरायला उभा. वच्छलानं तिचं वाकणं बंद केलं, रवीनं तिचं शिलाई मशीन उचलून शेजारी ठेवून दिलं. ग्यानबानं आपल्याकडं तिचं पाणी घेतलं.

रवी म्हणत होता, "बाबा, घरी जार लावतो. वीस लिटरचा येते थंडा."

ग्यानबाला हसू आलं. "जार? त्या जारात काय भरते ते पाह्यलं काय तू? नळाच्याही पान्यात आता कोनी मापानं काई टाकत नाई. पोरी, तू शेठच्या विहिरीचं पी. एक नंबर पानी हाय. मी आनून देत जाईन."

"बरं मामाजी," रत्नमाला म्हणाली. सासऱ्याचा पाण्यावरचा शब्द ती वेदवाक्यासारखा मानायची. रोज सकाळी ग्यानबा शेठच्या विहिरीवरून तिच्यासाठी एक कळशी आणू लागला.

शेठ म्हणजे हुकूमचंद शेठ, रिसोडच्या बाजारातले जुने धान्य व्यापारी. वस्तीच्या पुढ्यातच त्यांचा बंगला. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवं अंग गेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं की छातीभर पाण्यात उभं करून रोज व्यायाम द्या. मुलगा पुनीत हौशी. त्यानं बंगल्यामागं वीस बाय बाराचा स्विमिंग पूल बांधून टाकला. वाशिम जिल्ह्यात लोक उन्हाळ्यात टँकरच्या मागं पळतात आणि इथं घरात पूल, म्हणून पहिले आठ दिवस सारी आळी बघायला आली. मग त्यात व्हीलचेअरवरून उतरवला जाणारा म्हातारा दिसला आणि लोकांची जीभ आवरली. पुलाचं पाणी सांभाळायला पुनीतनं ग्यानबाला ठेवलं. संध्याकाळी शेठला काखेत हात घालून पाण्यात चालवायचं कामही हळूहळू त्याच्याच गळ्यात आलं, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात शेठ अंग सैल सोडत नसत.

शेठच्या पत्नी कंचनबाईंना पूल सुरुवातीपासून खटकत होता. त्या त्याला हौद म्हणत. सत्तरी ओलांडलेली ही बाई नळाचं पाणी तोंडाला लावत नसे. विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचं, दुहेरी कापडातून गाळायचं, तेवढंच प्यायचं. गाळून झाल्यावर कापडाला जे लागून राहतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, त्याला त्यांच्या जैन धर्मात जिवाणी म्हणतात. ती फेकून द्यायची नाही. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत जिवाणी परत सोडायची. तीही वरून ओतून नाही, तर बुडाला कडी असलेल्या बालटीनं, बालटी पाण्याला टेकवून हळूच उलटी करून, म्हणजे जिवांना मार लागत नाही. गुडघे दुखत असतानाही कंचनबाई हे रोज करत. ग्यानबाला त्यातलं सगळं पटत होतं असं नाही, पण पाण्याला इतकं मानणारं माणूस त्यानं प्लांटवरही पाहिलं नव्हतं.

जानेवारीत पुलाच्या तळाला वाळू दिसायला लागली. ग्यानबानं फिल्टरचा ड्रम उघडला. आत खाली पाणी गोळा करणाऱ्या जाळीदार नळ्या असतात, त्यातल्या तीन मोडल्या होत्या आणि ड्रमलाही बारीक चीर गेली होती. बसवणाऱ्यानं कोरड्या ड्रमात वरून वाळू ओतली असणार. अर्धा ड्रम पाणी भरून मग वाळू सोडली तर नळ्या मोडत नाहीत, पण हे सांगणार कोण? फिल्टर नवाच घ्यावा लागणार होता.

पुनीत मोबाईल घेऊन पुलाच्या काठावर बसला. कंचनबाई खुर्ची टाकून ऐकत होत्या.

"ग्यानबा, तीन प्रकार आहेत," पुनीत म्हणाला. "एक वाळूचा, आपला होता तसा. एक पावडरचा, तो आपल्याकडं कोणी रिपेअर करत नाही. अन् एक कागदाचा, घड्या घातलेली गुंडाळी असते. यात धुवायला पाणी वाया जात नाही. गुंडाळी काढायची, नळीखाली धरायची, उन्हात वाळवायची, परत बसवायची. मला वाटते हाच घ्यावा. अकोल्याचा दुकानदार म्हणे वाळूचा घ्यायचा तर लहान ड्रम घ्या, मोटर मोठी देतो."

"त्याले म्हना आंधी शाळेत जाय," ग्यानबा म्हणाला. "मोटर मोठी अन् ड्रम लहान, म्हंजे पानी वाळूतून धावत जाईन. धावत्या पान्याचं गाळन होते काय? आपली मोटर तासाले बारा हजार लिटर फेकते, तिले दोन फुटी ड्रम पाह्यजे. अन् वाळू नदीची नाई, फिल्टरची."

"म्हणजे तुझं मत वाळूचंच."

"मी जल्मभर वाळूच पाह्यली, भाऊ. कागदाचं मले काय समजते?"

इथं खरं बोलायचं तर कागदाचा फिल्टर त्या घरासाठी वाईट नव्हता. एकच म्हातारा उतरणारा, पाण्याची टंचाई, आणि धुवणीचा प्रश्नच नाही. पण ज्याला हातोडीच माहीत, त्याला करवतीचं कौतुक कोण शिकवणार? आणि त्यात कंचनबाईंनी तोंड उघडलं.

"कागदात अटकलेल्या जिवायचं काय होते?"

"मम्मी, वाळवायचं उन्हात. संपलं."

"उन्हात?" कंचनबाईंनी कानांवर हात ठेवले. "अन् वाळूतल्या जिवायचं?"

"वाळू उलट्या पान्यानं धुतो, बाई," ग्यानबानं सांगितलं. "सारं बाहेर निंगते अन् नाल्यात जाते."

"हौदातलं पानी तं आपल्या विहिरीचं. मंग त्याची जिवानी नाल्यात कशी जाईन?"

पुनीत हसून उठून गेला. "तुम्ही दोघं ठरवा अन् मला सांगा," म्हणाला. घरात ज्याला काही कळत नाही त्याच्यावर निर्णय टाकतात, आणि इथं तर ज्याला सगळं कळत होतं त्याच्यावर टाकला. त्यानं काय केलं ते पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानबा कळशी भरायला विहिरीवर आला, तेव्हा कंचनबाई काठाला टेकून उभ्या होत्या. दोन वर्षांत त्यांनी त्याला "ग्यानबा" आणि "तू" याशिवाय हाक मारली नव्हती.

"ग्यानबाभाऊ," त्या म्हणाल्या, "वाळूचाच फिल्टर बसवा. अन् त्याची जिवानी विहिरीत सोडा. माह्यानं आता वाकनं होत नाई. पुनीतले यातलं काई समजत नाई. तुमी नेमाचे मानूस हा. हे काम तुमच्या हातानं करसान काय?" आणि त्यांनी हात जोडले.

ही विहीर शेठनं जमिनीसकट विकत घेतलेली. त्याआधी तो एका मातब्बर शेतकऱ्याचा मळा होता, आणि ग्यानबाची आई तिथं निंदायला जायची. तहान लागली की ती काठापासून दहा पावलांवर ओंजळ करून उभी राहायची आणि कोणी वरून ओतेल तेव्हा प्यायची. सात-आठ वर्षांचा ग्यानबा तिच्या लुगड्याला धरून उभा असायचा. बौद्ध धर्म घेऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण विहिरीचा काठ काही बदलला नव्हता. आणि आज त्याच काठावर एक शेठाणी हात जोडून सांगत होती की विहिरीतला जीव तुमच्या हातानं आत सोडा. ग्यानबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कोणाच्या नाही चढणार? मला त्याचा राग येतो आणि त्याला दोषही देववत नाही.

धुवणीचं पाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हे तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. नव्या पोरांना त्यानं हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण तो म्हणाला, "पाइप टाकतो, बाई. थेट पान्याच्या आतपर्यंत. जिवाले मार नाई लागनार."

"अन् ते औषध," कंचनबाई म्हणाल्या, "जरा हात आखडून टाकत जा. कायले मारता बिचाऱ्यायले?"

तेही त्यानं ऐकलं. एकच तर माणूस उतरतो, असा हिशेब केला आणि क्लोरीनचं माप निम्मं केलं. मापानं म्हणजे मापानं म्हणणारा हाच तो माणूस.

फिल्टर बसला. दोन फुटी ड्रम, अर्धा पाण्यानं भरून मग सोडलेली वाळू, नव्या नळ्या. पुलाचं पाणी असं निवळलं की तळाला पडलेलं नाणं छापासकट दिसावं. दर तिसऱ्या दिवशी सकाळी ग्यानबा व्हॉल्व्ह उलटा फिरवायचा, धुवणीचं पाणी पाइपातून विहिरीत जायचं, आणि कंचनबाई खिडकीत उभ्या राहून नवकार मंत्र म्हणायच्या. पहिल्या-पहिल्यांदा ग्यानबा विहिरीतलं पाणी काढून निरखायचा, हुंगायचा. विहीर खोल, पाणी भरपूर. रंग नाही, वास नाही. ज्या नाकावर त्याचा जन्मभर भरवसा, त्यानंच त्याला दगा दिला.

होळीच्या आधी शेठ एका नातेवाइकाच्या लग्नाला जऊळक्याला गेले, तिथलं पाणी प्याले आणि तीन आठवड्यांनी त्यांचं पोट बिघडलं. पाण्यात उभं असताना त्यांना आवरायचं नाही. ग्यानबा त्यांना ओशाळू द्यायचा नाही, जाळीनं काढायचा, शेठचं अंग धुवायचा, म्हणायचा, "होते शेठ, लेकराचं नाई काय होत?" मग फिल्टर दुप्पट वेळ चालवायचा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह उलटा फिरवायचा. आठ दिवसांनी शेठचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, म्हाताऱ्या माणसाला सौम्यच आहे, पथ्य पाळा. व्यायाम बंद झाला. शेठ महिन्याभरात बरेही झाले.

एप्रिलमध्ये नळाला दहा-दहा दिवस पाणी येईना. कंचनबाईंनी मागचं फाटक उघडून दिलं आणि वस्तीला सांगितलं, विहिरीचं न्या. माणुसकीचीच गोष्ट होती ती. वस्तीनं त्यांना दुवा दिला.

मेमध्ये रत्नमालाला आठवा लागला. एका सकाळी तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि उलटी केली. दोन दिवस ताप. तिसऱ्या दिवशी वच्छलानं तिचा चेहरा उजेडात धरला आणि रवीला हाक मारली. डोळे हळदीसारखे झाले होते. रिसोडच्या डॉक्टरनं पाहिलं आणि हात न लावता अकोल्याची चिठ्ठी दिली. जीपमध्ये ती ग्यानबाच्या खांद्याला टेकून म्हणत होती, "मामाजी, पानी द्या," आणि ग्यानबा घरून आणलेल्या बाटलीतून तिला घोट घोट देत होता.

पाचव्या दिवशी ती बडबडायला लागली, माणसं ओळखेना. डॉक्टरांनी पोट कापून बाळ काढलं. मुलगी, दीड किलोची. ती जगली. रत्नमाला दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टरीणबाईंनी रवीला बाजूला घेऊन सांगितलं की ही पाण्यातून येणारी कावीळ. एरवी माणूस पथ्यानं बरा होतो, पण पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत मारते. "काय पाणी पीत होत्या?" त्यांनी विचारलं. रवीनं बापाकडं पाहिलं. बाप भिंतीकडं पाहत होता.

माती देऊन घरी आले तेव्हा वस्तीत आणखी नऊ जणांना कावीळ निघाली होती. लोक खवळले. योजनेच्या पाण्यातच घाण आहे, म्हणून शंभरेक माणसं प्लांटवर चालून गेली, रवी सगळ्यांच्या पुढं. तिथं ड्यूटीवर नवीन नावाचा ऑपरेटर होता, ग्यानबानंच हाताखाली घेऊन शिकवलेला पोरगा, आता दोन लेकरांचा बाप. लोकांनी त्याची गचांडी धरली. तो रडत म्हणत होता, "मी मापानंच टाकतो हो, काकायले विचारा!" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि चोर गर्दीच्या मागं उभा राहून ऐकत होता. साहेबांनी सांगितलं, नवीनला कामावरून काढू, चौकशी लावू. आरोग्य खात्याची माणसं आली, नळांचे नमुने घेऊन गेली. शेठच्या बंगल्यातल्या विहिरीचा नमुना घ्यावा असं कोणालाच सुचलं नाही.

ग्यानबाला सुचलं होतं, अकोल्यातच. नोकरीतल्या दोन तपासणीच्या बाटल्या त्याच्या पेटीत अजून होत्या. पाणी भरून एक दिवस ठेवायचं, घाणेरडं असलं तर आतलं औषध काळं पडतं. त्यानं विहिरीचं पाणी भरून बाटली कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली काळीशार होती.

तो बाटली घेऊन आधी बंगल्यावर गेला. पाइप ओढून काढला. कंचनबाई बाहेर आल्या. "काहून काढता, ग्यानबाभाऊ?"

त्यानं सगळं सांगितलं. शेठचं पोट, फिल्टरची धुवणी, निम्मं औषध, विहीर, रत्नमाला. काही गाळलं नाही. कंचनबाई पायरीवर बसल्या. एक मुंगी मरू नये म्हणून पाय जपून टाकणारी बाई ती.

"मीच सांगतलं होतं तुम्हाले," त्या म्हणाल्या. "पाप माह्यं हाय."

"सांगनाऱ्या तुमी होत्या, बाई," ग्यानबा म्हणाला. "जाननारा मी होतो."

तिथून तो प्लांटवर गेला, कागद मागून घेतला आणि नवीनचा काही दोष नाही, दोष कोणाचा आहे, हे लिहून सही करून दिली. आणि मग घरी येऊन रवीला सांगितलं. वच्छला भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. ग्यानबाला वाटलं पोरगा अंगावर येईल, शिव्या देईल. त्याला तेच हवं होतं.

रवी ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी जार आनतो म्हनत होतो." एवढंच. आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर तो बापाशी बोलला नाही. वस्ती बोलत होती, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले, विहिरीला कुलूप लागलं. त्या सगळ्याला ग्यानबा उत्तरं देत राहिला.

बाळ पंचवीस दिवस अकोल्याला काचेच्या पेटीत राहून घरी आलं. मूठभर जीव, पण डोळे टकटकीत, कपाळ आईचं. पावडरचं दूध द्यायचं होतं. वच्छलानं पाणी वीस मिनिटं खळखळ उकळलं, निववलं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि ती त्याला उचलायला गेली, म्हणून ग्यानबानं हात साबणानं धुतले, वाटीत पाणी घेतलं, मोजून पावडर घातली, चमच्यानं ढवळली आणि नातीजवळ आला.

रवी दारातून आत आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो बापाशी बोलला. आवाज चढवला नाही.

"ठेवा ते खाली, बाबा. तुमच्या हातचं पानी नोको तिले."

वच्छलानं मान वर केली नाही. ग्यानबानं वाटी जमिनीवर ठेवली, आणि रवीनं ती उचलून मोरीत ओतली.